चुन्याच्या बाई

“भिंतीला विचारलंत का?”

बाई हे कुणालाही विचारायच्या. सरपंचाला, पुजाऱ्याला, गुत्तेदाराला, मोटारीतून उतरलेल्या साहेबालासुद्धा. समोरचा गोंधळून बघत राहिला की त्या भिंतीच्या सांध्यातला एक खपला नखानं काढायच्या, जिभेच्या टोकाला लावायच्या, डोळे मिटून जरा थांबायच्या आणि बाजूला थुंकून निकाल द्यायच्या. “खारट आहे. सिमेंट कुणी मारलं हिला?” कळमनुरीत माघारी लोक त्यांना भिंत चाटणारी बाई म्हणत. तोंडावर म्हणायची छाती कुणाची नव्हती. निम्म्या कळमनुरीला त्यांनी रसायनशास्त्र शिकवलं होतं आणि त्यातल्या निम्म्यांना नापास केलं होतं.

मीही त्यांच्याच हाताखाली शिकले. पण त्याआधी आमच्या घराचं सांगते.

आमचं रान साखऱ्याला. कोरडवाहू, उताराचं. नांगर घातला की मातीतून पांढरे चुनखडे वर यायचे, हरभऱ्याएवढे, काही लिंबाएवढे. आई-बाबा ते वेचून बांधावर टाकायचे आणि पुढच्या नांगरटीला तेवढेच पुन्हा हजर. तूर हातभर वाढली की पिवळी पडायची. शेवटी बाबा रानात राहिले आणि आई मला घेऊन कळमनुरीला आली, पत्र्याच्या खोलीत. ती बांधकामावर घमेली उचलायची. सिमेंटनं तिच्या बोटांना भेगा पडल्या होत्या. कालवण बोटांना झोंबायचं म्हणून ती कोरडी भाकर खायची आणि मला सांगायची, मला कालवण आवडतच न्हाई. ते मी बरीच वर्षं खरं मानलं.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी मिरवायलाच सांगते आहे.

अकरावीला बाईंनी सांगितलं, आपापल्या रानातली माती आणा. मी खडेच नेले, रागानं. बाईंनी त्यावर आम्लाचे थेंब टाकले. खडा फसफसून उठला.

“तुमच्या रानात चुना आहे गं.”

“मग काय खायचा का, बाई?” मी बोलून गेले. वर्ग हसला.

बाई हसल्या नाहीत. “खायचा नाही. बांधायचा,” म्हणाल्या आणि तो खडा त्यांनी पदराच्या टोकात बांधून घेतला. मला त्यांचा रागच आला. ज्या खड्यांनी आमचं रान खाल्लं ते खडे ही बाई दागिन्यासारखे बांधून नेते, असं वाटलं.

पुढं मी नांदेडला स्थापत्य अभियांत्रिकी केली आणि परत येऊन एका छोट्या कचेरीत मोजमापाच्या कामाला लागले. तोवर बाई निवृत्त झाल्या होत्या. नवरा गेलेला, मुलगा पुण्यात. त्यांच्या दारात मात्र झाकण लावलेली निळी पिंपं रांगेनं उभी असत. आत पाण्याखाली मुरत ठेवलेला चुना. शेजारीण सांगायची, “आमच्याकडं लोणचं मुरतंय, बाईंकडं चुना.” बाई स्कूटीवर पायाशी बादली ठेवून गावोगाव फिरायच्या. कुठं जुन्या देवळाचा दगड निसटला, कुठं वेशीची कमान तडकली, की बाई हजर.

त्या फिरतीत त्यांनी काय पाहिलं ते तुम्हीही पाहिलंच असेल. शेकडो वर्षं उभ्या असलेल्या देवळाला गुलाबी ऑइलपेंट. कोरलेल्या खांबाला न्हाणीघराच्या फरश्या. दगडाच्या सांध्यात सिमेंट कोंबून वर पांढऱ्या रंगाची रेघ, म्हणजे जीर्णोद्धार झाला. आणि त्यावर नारळ फोडायला माणसं रांगेत. कुणाला राग येत नाही. मला येतो. बाईंनाही यायचा, पण त्या मला म्हणायच्या, “नुसतं चिडून काय होतंय? चिडलीस तर चाळणी धर.” मग मी वाळू चाळत बसायची.

बाईंचं माहेर वारंगा फाट्याच्या आतल्या अंगाला असलेल्या एका गावातलं. वडील तिथल्या महादेवाचे पुजारी. देवळासमोर बारव आहे, चारी बाजूंनी दगडी पायऱ्या उतरणारी. खाली कोनाड्यात पाण्याच्या देवता, साती आसरा, मांडलेल्या. लहानपणी बाई तिथूनच देवाला पाणी आणायच्या. काही वर्षांपूर्वी गावानं वर्गणी काढून बारवेच्या पूर्वेच्या भिंतीला सिमेंट मारलं. जुन्या चुन्याच्या सांध्यातून मागचं पाणी झिरपून बाहेर यायचं आणि भिंत सुकायची. सिमेंटनं ती वाट बंद केली. पाणी मागं साठत गेलं, दगडाला आतून मीठ फुटलं आणि भिंतीनं पोट काढलं. दगडाचे पापुद्रे हातानं निघू लागले.

यावर गावाच्या बारव समितीनं काय ठरवलं असेल? उरलेल्या तिन्ही भिंतींना सिमेंट मारायचं ठरवलं. पूर्वेला कमी पडलं म्हणून तिथं आणखी जाड थर. समितीचे अध्यक्ष गावचे मोठे जमीनदार, सगळे त्यांना आबा म्हणत. गुत्तेदार आबांचा भाचा. पूर्वेचं कामही त्यानंच केलेलं. यावर कुणी काही बोलत नव्हतं.

बाई बोलल्या. मला बरोबर घेऊन भर बैठकीत उभ्या राहिल्या.

“आबा, भिंतीला विचारलंत का?”

“बाई, भिताड बोलायलं असतं तर समिती कशाला नेमली असती?” आबा म्हणाले. लोक हसले. आबा वाईट माणूस नव्हते, पण हशा मिळाला की त्यांना आपलं म्हणणं बराबर वाटायचं.

बरीच वादावादी झाल्यावर ठरलं ते असं. दक्षिणेच्या भिंतीचा एक भाग बाईंनी चुन्यात करून दाखवायचा. तो धरला तर चारी भिंती चुन्यात. नाही धरला तर सगळं काम भाच्याकडं, आणि बाईंनी पुन्हा बारवेचं नाव काढायचं नाही. बाई हो म्हणाल्या. घरी येताना मी स्कूटीवर त्यांच्या मागं बसले होते. वडिलांच्या गावात हरणं म्हणजे काय ते मला त्यांच्या पाठीवरून कळत होतं.

आणि मग गूळ आला.

चूक बाईंचीच. आरतीनंतर त्या देवळात उभ्या राहून चुना कसा करतात ते सांगत होत्या. सांगता सांगता म्हणाल्या, पूर्वी लोक यात किंचित गूळही घालत. किंचित हा शब्द कुणी ऐकलाच नाही. सकाळी आम्ही गेलो तर बारवेच्या काठावर बायकांची रांग. कुणाच्या पदरात खडा, कुणाच्या डोक्यावर अख्खी ढेप. सगळ्यांच्या पुढं सुंद्राआजी, गावातली सगळ्यात म्हातारी बाई.

बाई मला बाजूला ओढून म्हणाल्या, “साखर जास्त झाली की चुना धरत नाही. शिकवलंय मी तुला.”

“मग नाही म्हणा त्यांना.”

“तू म्हण.”

मी पुढं झाले. “आजी, एवढा गूळ चालत नाही चुन्याला.”

“तू कुणाची गं?”

“साखऱ्याची.”

“मंग तुला आमच्या आसरा काय ठाऊक? समद्यांच्या घरचा गूळ घ्यायला लागले अन् माझ्याच घरचा न्हाई म्हणता?”

“कुणाचाच घेत नाही, आजी.”

“काहून? आसरांच्या कामाला गूळ न्हाई चालत, हे मी बाईच्या बापाच्या तोंडून कदी ऐकलं न्हाई.” मग ती थेट बाईंकडं वळली. “पुजाऱ्याची लेक तू. लहानपणी माझ्या मांडीवर बसून गूळ खाल्लास. आता माझा गूळ माघारी देतीस?”

साहेबांना उलटं बोलणाऱ्या, हेडमास्तरांना वर्गाबाहेर थांबवणाऱ्या आमच्या बाईंनी हात पुढं केला आणि गूळ घेतला. एकीचा घेतला म्हणून दुसरीचा घ्यावा लागला. सगळ्या गावाचा गूळ त्या चुन्यात गेला. चुना मळायच्या घाणीचं दगडी चाक फिरताना वास असा सुटला की कामावरची माणसं म्हणाली, बाई, थोडं तूप असतं तर.

चुना धरला नाही. दिवसामागून दिवस गेले तरी बोट दाबलं की खाली जायचं. आणि मुंग्या. काळ्या, तांबड्या, जमिनीतून वर आणि पायऱ्यांवरून खाली, दक्षिणेच्या भिंतीवर अशा चिकटल्या की दगड हलतोय असं वाटायचं. भाच्यानं मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढला आणि तालुकाभर फिरवला. खाली लिहिलं होतं, बारवेत बुंदी पाडायचं काम जोरात. माझ्याच कचेरीतल्या पोरांनी तो मला दाखवला. मी फोन टेबलावर आपटला.

पुन्हा बैठक. या वेळी हसायला लोक जास्त आले होते.

“बाई, तुमचं वय झालं,” आबा म्हणाले. “पोथी वाचा, नातवंडं खेळवा. एवढी तकलीफ काहून घ्यायली?”

तेव्हा माझा तोल गेला, आणि तो गेला याचं मला आजही वाईट वाटत नाही. मी म्हणाले, “आबा, चुना ओला राहिला तर बाईंचं वय निघतं. तुमच्या भाच्यानं अख्खी पूर्व भिंत फुगवून ठेवली, त्याचं वय विचारलं का कुणी? ओला चुना खरडून काढता येतो. त्याचं सिमेंट काढायचं तर दगड फोडावा लागतो. मग नापास कोण झालं?”

भाचा म्हणाला, “ताई, तुमची आई आमच्याच साइटवर घमेली उचलत होती ना?”

“होती,” मी म्हणाले. “म्हणूनच सिमेंट काय करतं ते मला तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. माझ्या आईचे हात बघायला या.”

बाईंनी माझा दंड धरून मला खाली बसवलं. “चूक माझी आहे,” त्या म्हणाल्या. “कळत असून गूळ घेतला. तेवढा भाग मी खरडून काढते आणि पुन्हा करते. पावसाळा जाऊ द्या, मग काय ते ठरवा.” आबांनी सुपारी कातरली आणि होकाराची मान हलवली. मला वाटतं, त्यांच्या घरचीही ढेप त्या चुन्यात होती.

दुसऱ्या वेळी बाईंनी बाजारचा चुना घेतलाच नाही. ओल्या जागेत तो कमी पडतो, हवा मिळाल्याशिवाय धरत नाही, म्हणाल्या. त्यांना हवे होते आमच्या रानातले खडे. त्या खड्यात मातीही असते, भाजून त्याचा जो चुना होतो तो पाण्यातही घट्ट होतो.

मी साखऱ्याला ट्रॉली घेऊन गेले. बाबा बांधावर उभे होते. “तुला शिकवलं ते खडे न्यायला व्हय?”

“बाईंना पाहिजेत.”

“ने माय, समदे ने. रान मोकळं व्हईल.” असं म्हणून ते स्वतःच घमेलं भरू लागले.

खडे भाजायला वीटभट्टीवर नेले. भट्टीवाला डोक्याला हात लावून बसला. “बाई, मी विटा भाजतो, धोंडे न्हाई.”

“अकरावीला तुला पास कुणी केलं?”

“तुमीच.”

“कितव्या खेपेला?”

भट्टीवाल्यानं मुकाट्यानं जागा करून दिली. त्या चुन्यात विटांची बारीक पूड आणि नदीची धुतलेली वाळू, आणि दुसरं काही नाही. घाणीवर बाई स्वतः बसून राहिल्या, छत्री उघडून. गुळाची ढेप घेऊन कुणी दिसलं की छत्री तिकडं वळायची.

पण बायका येतच राहिल्या. आसरांच्या कामात आपला हात नाही, हे त्यांना चैन पडू देत नव्हतं. तेव्हा बाईंनी देवळात पुन्हा सगळ्यांना बसवलं. “गूळ आसरांना आवडतो, चुन्याला नाही. चुन्याला पाणी लागतं. नवी भिंत म्हणजे बाळंतीण आहे. उन्हात तापली की तडकते. तिच्यावर पोती लावलीत. ती पोती वाळू द्यायची नाहीत. ज्याला सेवा करायची त्यानं ही करा.”

घराघराला वार वाटले गेले. मग बघा. सकाळ-दुपार-संध्याकाळ कळशा उतरत होत्या. सोमवार महादेवाचा म्हणून तो सगळ्यांनाच पाहिजे होता. “आमचा वार काहून बदलला?” म्हणून दोन जावांचं भांडण बाईंना सोडवावं लागलं. सुंद्राआजीला पायऱ्या उतरवत नव्हत्या, तर ती वर बसून ओरडायची, “त्या कोपऱ्यातलं पोतं कोरडं दिसायलं गं.” कुठल्याच सरकारी कामाला असं पाणी मिळालं नसेल. सिमेंटलाही पाणी लागतंच, पण गुत्तेदाराचा माणूस एकदा पाइप धरतो आणि तंबाखू मळत बसतो, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

महिन्याभरात भाच्याकडचा इंजिनियर आमच्या चुन्याचा एक ठोकळा घेऊन गेला आणि यंत्राखाली दाबून आला. सिमेंटपेक्षा फार लवकर फुटला, म्हणाला, नापास. मी त्याला विचारलं, मऊ दगडाच्या सांध्यात दगडापेक्षा कडक काही भरलं की आधी कोण फुटतं? तो म्हणाला, पुस्तकात तसं नाही. मी म्हणाले, माझ्या पुस्तकात आहे, आणि शिकवणारी बाई जिवंत आहे. बाई मात्र त्याला शांतपणे म्हणाल्या, “चुन्याला घाई नसते. तू पुढच्या वर्षी ये, तेव्हा जास्त कडक असेल. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी.” आणि त्याला चहा दिला. मी दिला नसता.

पावसाळ्यात बारव काठोकाठ भरली. पाणी खाली उतरू लागलं तसे आम्ही रोज जाऊन बघायचो. पूर्वेची सिमेंटची भिंत एका दुपारी मधोमध फुटली आणि दगड पाण्यात गेले. सुदैवानं खाली कुणी नव्हतं. दक्षिणेचा आमचा भाग तसाच होता. सांध्यांतून पाणी झिरपत होतं, हळूहळू, आणि भिंत सरळ उभी होती. आबा काठावर येऊन दोन्हीकडं बघत राहिले. भाचा त्या दिवशी गावात नव्हता.

“करा बाई तुमचं,” आबा म्हणाले.

“माझं काय आहे त्यात, आबा,” बाई म्हणाल्या. “तुम्ही रोज सकाळी येऊन बसत जा. लोक तुमचं ऐकतात.” आणि आबा खरंच येऊन बसू लागले. वार चुकवणाऱ्या घरांची नावं मोठ्यानं घ्यायचं काम त्यांनी आपणहून घेतलं.

पूर्वेची भिंत दगड दगड उचलून नव्यानं रचली. मग दक्षिण, मग पश्चिम. उत्तर अर्धी राहिली होती तेव्हा, मागच्या उन्हाळ्यात, बाई झोपेतच गेल्या. मुलगा पुण्याहून आला. दिवस झाल्यावर त्यानं घराची एक किल्ली मला दिली. “ती पिंपं आहेत,” एवढंच म्हणाला.

गावानं देवळात शोकसभा ठेवली. भाचाही आला होता, पांढऱ्या कपड्यात. तो उठून बोलला, आणि चांगलं बोलला. बाईंची आठवण कायम राहावी म्हणून बारवेच्या तोंडाशी मी स्वखर्चानं ग्रॅनाइटचा ओटा बांधून देतो, म्हणाला. खाली पक्कं सिमेंट, वर बाईंचा फोटो. लोकांनी माना डोलावल्या. काहींचे डोळे भरून आले.

मी उठले. माझा आवाज चढला होता, आणि शोकसभेत आवाज चढवू नये हे मला कळत होतं. “ज्या बाईनं तुमच्या बारवेतलं सिमेंट उपसायला आयुष्याची शेवटची वर्षं घातली,” मी म्हणाले, “तिच्या नावानं तिथंच सिमेंट ओतणार? ती गेली म्हणजे आता तिला कळणार नाही, असं वाटतं का तुम्हाला? श्रद्धांजली द्यायची तर उत्तरेच्या भिंतीवर पोती घाला. नाहीतर घरी जा.”

भाचा आबांकडं बघू लागला. आबा खाली बघत होते. मागून सुंद्राआजी म्हणाली, “उद्या कुणाचा वार हाय?”

“आमचा,” एक सून म्हणाली.

“मंग बसलीस काय? कळशी घासून ठेव.”

ओटा झाला नाही. पिंपांतला चुना बाईंच्याच हातचा होता. त्यात आमच्या रानच्या खड्यांचा चुना घालून आम्ही तो उत्तरेच्या भिंतीला वापरला. भिंत दिवाळीच्या आधी पूर्ण झाली. आज त्या बारवेच्या चारही भिंती चुन्यात उभ्या आहेत. बारवेत कुठंही सिमेंट नाही. पाणी स्वच्छ आहे आणि लोक ते पितात.